एकच कनेक्शन, अख्खं हॉस्टेल

मित्रांनो, माझी शाळा कॉन्व्हेंटची, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या. पण खालची चूक मात्र लक्षात ठेवा.

मेसच्या सुट्टीची नोंद करायला मी जावामध्ये वेब अ‍ॅप्लिकेशन बनवलं. 1994 च्या 'डिझाइन पॅटर्न्स' पुस्तकातला सिंगलटन नुकताच शिकलो होतो : क्लासचा ऑब्जेक्ट एकच, सगळ्यांनी तोच वापरायचा. म्हटलं, झकास! डेटाबेसचं कनेक्शनच सिंगलटन केलं. रूमवर एकट्याने टेस्ट केलं, मस्त चाललं.

दिवाळीच्या सुट्टीआधी सगळे एकदम तुटून पडले. सर्व्हर प्रत्येक रिक्वेस्ट वेगळ्या थ्रेडवर चालवतो. माझं कनेक्शन मात्र एकच, म्हणजे ट्रान्झॅक्शनही सगळ्यांचं एकच! एकाचा फॉर्म चुकला, रोलबॅक झाला आणि दुसऱ्याची कमिट न झालेली नोंदही पुसली गेली. त्याला स्क्रीनवर मात्र 'नोंद झाली' असंच दिसलं. त्या ज्युनिअरला न जेवलेल्या आठ दिवसांचं बिल आलं. ते मी भरलं.

मग दरवेळी नवं कनेक्शन उघडायचं का? तेही नको. उघडण्यात वेळ जातो, शिवाय मायएसक्यूएलची मर्यादा सेटिंग न बदलल्यास 151 कनेक्शन्सची असते. उपाय म्हणजे कनेक्शन पूल. मोजकी कनेक्शन्स तयार ठेवायची, रिक्वेस्टने एक घ्यायचं, काम झालं की परत द्यायचं. अगदी मेसच्या ताटांसारखं! ताट परत केलं नाही, तर मागचा उपाशी.

थोडक्यात, सिंगलटन करायचाच तर पूलचा करा, कनेक्शनचा नको. आणि टेस्टिंग एकट्याने करू नका, अख्खी विंग बसवा!