‘केस’ला मराठीत काय म्हणावे?

इंग्रजी उतारा मराठीत उतरविताना विद्यार्थ्यांचे अडते ते अवघड शब्दांपाशी, असा एक समज आहे. तो खरा नाही. अवघड शब्दाला बहुधा एकच अर्थ असतो. कोश उघडला की तो सापडतो आणि काम भागते. खरी अडवणूक करतात ते लहानसहान, रोजच्या वापरातले शब्द. त्यांना अर्थ इतके असतात की कोशातील अर्धे पान व्यापूनही ते संपत नाहीत, आणि आपण मात्र त्यांतला पहिला अर्थ उचलून पुढे चालू लागतो. अशा शब्दांचा नमुना म्हणून प्रस्तुत लेखात ‘केस’ हा शब्द घेतला आहे. तो घेण्याचे कारण असे की, हा शब्द केवळ परीक्षेच्या उताऱ्यात भेटत नाही. पातूरच्या आठवडी बाजारात, एसटीच्या थांब्यावर, दवाखान्याच्या खिडकीपाशी आणि तहसील कचेरीच्या ओट्यावर तो दिवसातून कितीतरी वेळा कानी पडतो. “त्याच्यावर केस झाली म्हन्ते”, “केसपेपर काढला काय?”, “बँकेत केस टाकून ठेवली” ही तिन्ही वाक्ये आपल्या ओळखीची आहेत, आणि तिन्हींतील ‘केस’ वेगवेगळी आहे.

मुळात इंग्रजीतही हा शब्द एक नाही, दोन आहेत. एक लॅटिन ‘कासुस’पासून आला, त्याचा धात्वर्थ पडणे. जे येऊन पडते, घडते, ते ‘कासुस’. दुसरा लॅटिन ‘काप्सा’पासून आला, काप्सा म्हणजे पेटी, डबी. फ्रेंचांच्या तोंडी फिरून इंग्रजीत येईपर्यंत दोघांचे रूप घासून एकसारखे झाले. तेव्हा सुटकेसमधील केस आणि न्यायालयातील केस यांचे नाते नुसते नामसादृश्याचे आहे. आपल्या डोक्यावरचे केस तर संस्कृत ‘केश’पासून आलेले, त्यांचा या दोघांशी काहीच संबंध नाही.

पेटीवाल्या केसचे मराठी सोपे आहे, कारण वस्तू डोळ्यांपुढे असते. उशीचा तो अभ्रा, पुस्तकांचे ते कपाट, काडतुसाची ती पुंगळी. चष्म्याच्या केसला मराठीत चष्म्याचे घर म्हणतात. हा शब्द मला मूळ इंग्रजीपेक्षाही गोड वाटतो. छापखान्यातील केस म्हणजे खिळ्यांचा खण. इंग्रजी जुळारी मोठी अक्षरे वरच्या खणात व लहान अक्षरे खालच्या खणात ठेवीत, म्हणून त्या अक्षरांना अपर केस व लोअर केस अशी नावे पडली. आपल्या देवनागरीत अक्षरांचा हा लहानमोठेपणा नसल्यामुळे त्या नावांचे शब्दशः मराठी करणे व्यर्थ आहे. मोठी लिपी, लहान लिपी म्हटले की पुरे.

आता न्यायालयाकडे वळू. येथे चुकीचा शब्द नुसते गुण कापून थांबत नाही, माणसाची झोप उडवितो.

इंग्रजीत न्यायासनापुढे गेलेली कोणतीही बाब ढोबळमानाने केस होते. मराठीत तसे नाही. दिवाणी न्यायालयात चालतो तो दावा. तेथे वादी असतो आणि प्रतिवादी असतो. निकालाअंती हुकूमनामा होतो. फौजदारी न्यायालयात चालतो तो खटला. तेथे फिर्यादी असतो आणि आरोपी असतो. जामीन, शिक्षा, निर्दोष सुटका हे शब्द त्या अंगणातले. पोलिसांत दिली जाते ती फिर्याद आणि दाखल होतो तो गुन्हा. तलाठी वा तहसीलदाराकडे चालते ते प्रकरण : फेरफाराचे प्रकरण, रस्त्याचे प्रकरण. बँकेत टाकले जाते ते कर्जप्रकरण. एका ‘केस’च्या जागी मराठीने इतके शब्द ठेवले आहेत, आणि ते कोणा पंडिताने खोलीत बसून घडविलेले नाहीत. दावा अरबी आहे, फिर्याद फारसी आहे, प्रकरण संस्कृत आहे. वऱ्हाडचा कारभार १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांकडे गेला, पण कचेरीतील हे शब्द त्याआधीपासून रुळलेले होते. जुन्या कागदांत वादी-प्रतिवादींना मुद्दई आणि मुद्दालेह म्हटलेले आढळते. ते दोन्ही शब्द ‘दावा’च्याच कुळातले. ‘खटले’ या शब्दाचा तर मराठीत आणखी एक अर्थ आहे : मोठ्या एकत्र कुटुंबाचा पसारा. घरातल्या खटल्यातून न्यायालयातला खटला उभा राहतो हा अनुभव आपल्याकडे नवा नाही!

या भेदाला किंमत काय, असे कोणी विचारील. एक उदाहरण पाहू. चार भावांची पाच एकर जमीन आहे. थोरला वाटणीसाठी न्यायालयात जातो. कायद्याप्रमाणे वाटणीच्या दाव्यात सर्व हिस्सेदारांना पक्षकार करावे लागते. त्यामुळे ज्या धाकट्याचे थोरल्याशी वाकडे नाही, तोही प्रतिवादी होतो आणि त्याच्या हाती समन्स पडते. गावात बातमी होते, “धाकट्यावर केस झाली.” धाकटा घाबरतो. आता पोलीस येतील, आपल्याला अकोल्याला नेतील, पोराच्या सोयरिकीत हे आडवे येईल, अशा शंका त्याला छळू लागतात. भीतीपोटी तो तारखेला जात नाही, आणि न गेल्यामुळे त्याच्याविरुद्ध एकतर्फी हुकूमनामा होऊ शकतो. “वाटणीच्या दाव्यात तुम्हांला प्रतिवादी केले आहे, अटकेचा प्रश्न नाही, पण तारखेला हजर राहा” एवढे मराठी त्याला वेळीच कोणी सांगितले असते तर? ‘दावा’ या दोन अक्षरांत अटक नाही ही ग्वाही आपोआप येते. ‘केस’मध्ये ती येत नाही. जो शब्द सर्वत्र चालतो तो कोठेच नेमके काही सांगत नाही, हा त्याचा दोष.

महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ सालचा. भाषा संचालनालयाने १९६२ मध्ये पदनाम कोश व १९७३ मध्ये शासन व्यवहार कोश काढला. न्याय व्यवहार कोशही निघाला. १९९८ मध्ये राज्य शासनाने जिल्हा व तालुका पातळीवरील न्यायालयांची भाषा मराठी असल्याची अधिसूचना काढली. १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तरी दावा आणि खटला यांतील अंतर जेथल्या तेथे आहे. म्हणजे शब्दांची वाण नाही. त्यांचा वापर तेवढा कमी पडतो.

हा भेद मराठीनेच पाळला आहे असेही नाही. इंग्रजीची दूरची नातलग स्वीडिश भाषा पाहा. तेथे न्यायालयातील केसला ‘मोल’ म्हणतात आणि त्यातही गुन्ह्याचे मोल वेगळे व तंट्याचे मोल वेगळे, म्हणजे आपला खटला आणि दावाच. आजाराच्या वा घटनेच्या केसला ‘फाल’, म्हणजे पुन्हा ‘पडणे’. आणि व्याकरणातल्या केसला थेट लॅटिन ‘कासुस’. तात्पर्य, स्टॉकहोमच्या विद्यार्थ्यालाही एका शब्दावर भागविता येत नाही.

दवाखान्यात गोष्ट थोडी निराळी. डॉक्टर “सीरियस केस आहे” म्हणतात तेव्हा त्यांना अत्यवस्थ रुग्ण अभिप्रेत असतो. २०२० च्या साथीत इंग्रजी पत्रे नव्या केसेसचे आकडे देत, तेव्हा मराठी पत्रे नवे रुग्ण किंवा बाधित असे छापीत. माझ्या मते येथे मराठीने इंग्रजीपेक्षा बरे काम केले. कारण रुग्ण म्हटले की माणूस दिसतो, केस म्हटले की नोंद दिसते. मात्र केसपेपरचे मराठी करण्याच्या फंदात पडू नये. खेड्यातून आलेली म्हातारीही खिडकीपाशी केसपेपरच मागते. रुग्णपत्रिका म्हटले तर तिला आणि खिडकीतल्या कारकुनाला, दोघांनाही कळणार नाही.

यापुढचा गट विद्यार्थ्यांना सर्वांत जास्त फसवितो. ‘इन केस ऑफ फायर’ याचे मराठी ‘आगीच्या बाबतीत’ असे सर्रास लिहिले जाते. मराठी माणूस ‘आग लागल्यास’ म्हणतो. ‘इन दॅट केस’ म्हणजे ‘तसे असेल तर’, आणि बोलण्यात नुसते ‘मग’. ‘इन एनी केस’ म्हणजे ‘काही झाले तरी’. ‘छत्री असू दे, न जाणो पाऊस आला तर’ या वाक्यातील ‘न जाणो’ला इंग्रजीत ‘इन केस’ म्हणतात. कायद्याच्या भाषेतील ‘ॲज द केस मे बी’ला ‘यथास्थिति’ हा शब्द ठरून गेला आहे, आणि कचेरीतील ‘स्पेशल केस’ला ‘विशेष बाब’. येथे लक्षात घ्यायचे ते हे की, इंग्रजीत जे काम नाम करते ते मराठीत क्रियापदाचा प्रत्यय करतो. ‘लागल्यास’मधील ‘-ल्यास’ हेच ‘केस’चे भाषांतर होय. कोशात शब्द शोधणाऱ्याला प्रत्यय कसा सापडणार?

आता व्याकरणातील केस. मराठी आणि इंग्रजी, दोन्ही विषयांच्या विद्यार्थ्यांना येथे थांबणे भाग आहे. शाळेपासून आपण केस म्हणजे विभक्ती असे शिकतो. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ चे, मोरो केशव दामल्यांचे १९११ चे. विभक्ती रूपावरून ठरवावी की अर्थावरून, हा वाद मराठी व्याकरणात जुनाच आहे. ग्रीक वैयाकरणांची कल्पना अशी की, नाम आपल्या सरळ रूपापासून ‘पडते’, म्हणून त्याच्या रूपांना पतन म्हणावे. लॅटिनांनी त्याचेच भाषांतर ‘कासुस’ केले. विभक्ती शब्दात पडणे नाही, विभागणे आहे. पण खरी अडचण पुढेच आहे. संस्कृत परंपरेत दोन शब्द आहेत : विभक्ती आणि कारक. विभक्ती हे रूप. कारक हे नामाचे क्रियेशी असलेले नाते. इंग्रजी ‘केस’ दोहोंचेही काम करते.

“रामाने चाकूने आंबा कापला” हे वाक्य घ्या. ‘रामाने’ आणि ‘चाकूने’ दोन्ही तृतीया. पण राम कर्ता आहे आणि चाकू करण, म्हणजे साधन. विभक्ती एक, कारके दोन. उलट “गावाचा पाटील” यातील ‘गावाचा’ला षष्ठी विभक्ती आहे, पण त्याचे नाते क्रियेशी नसल्यामुळे तो कारकच नव्हे. आणि पुण्याचा मनुष्य “मला ताप आला” म्हणतो, तेथे आपण “मले ताप आला” म्हणतो. ‘ला’चा ‘ले’ झाला, प्रत्यय बदलला. ताप ज्याला यायचा त्यालाच आला! रूप पातूरपासून पुण्यापर्यंत बदलू शकते, नाते बदलत नाही. वऱ्हाडी बोलणाऱ्या विद्यार्थ्याला विभक्ती आणि कारक यांतील भेद समजून घेण्यासाठी पाणिनीपर्यंत जाण्याची गरज नाही. त्याच्या घरच्या बोलीतच तो आहे.

म्हणून इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकात ‘केस’ आली की आधी पाहावे, लेखक ‘ही, हिम, हिज’ अशा रूपांविषयी बोलतो आहे की नात्यांविषयी. पहिल्या ठिकाणी विभक्ती, दुसऱ्या ठिकाणी कारक. चार्ल्स फिल्मोर या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये एक प्रबंध प्रसिद्ध केला. त्याचे नाव ‘द केस फॉर केस’. त्यात रूपांखाली दडलेल्या नात्यांची चर्चा आहे, ती आपल्या कारकविचाराच्या पुष्कळ जवळची आहे. नावातली पहिली केस वकिलाची, म्हणजे मांडलेली बाजू, दुसरी व्याकरणाची. ‘विभक्तीचा खटला’ असे भाषांतर केले तर दोन्ही शब्द चुकतील. ‘कारकाची बाजू’ हे त्यातल्या त्यात बरे, पण मूळ नावातील कोटी हरवते. ती हरवू द्यावी; प्रत्येक कोटी नदीपार नेता येत नाही.

जाता जाता खुद्द मराठीत शिरलेल्या ‘केस’ची विभक्ती पाहण्यासारखी आहे. डोक्यावरचा केस पुल्लिंगी. त्याला प्रत्यय लागताना सामान्यरूप होते : केसाला, केसांचा. कचेरीतील केस स्त्रीलिंगी, “केस झाली”. तिचे सामान्यरूप मात्र होत नाही. आपण ‘केसला’, ‘केसचा निकाल’ असे म्हणतो, ‘केशीला’ म्हणत नाही. अनेकवचनही इंग्रजी धर्तीचेच, ‘केसेस’. याउलट फाईल हा तसाच परका शब्द, पण ‘फायलीत’, ‘फायली’ अशी रूपे घेऊन तो घरचा झाला. ‘केस’ इतकी वर्षे ओसरीवर बसून आहे, आत आलेली नाही. शेजारी हक्काचे दावा, खटला, प्रकरण बसलेले असल्यामुळे तिला आत जागा मिळाली नसावी, असा माझा तर्क आहे.

शेवटी सरावासाठी एक वाक्य देतो. ते मुद्दाम रचलेले आहे, पण त्यातील एकही प्रयोग दुर्मिळ नाही : “इन एनी केस द लॉयर हॅज नो केस; इन दॅट केस, व्हाय डिड ही टेक अप द केस?” चार वेळा केस. मराठीत : “काही झाले तरी वकिलांच्या बाजूत दम नाही, मग त्यांनी हा दावा (किंवा खटला) घेतलाच कशाला?” पहिल्या तीन ठिकाणी उत्तर वाक्यातच मिळते. चौथ्या ठिकाणी कंसाबाहेरचा शब्द ठेवावा की आतला, हे या एका वाक्यावरून ठरत नाही. आधीचा मजकूर वाचावा लागतो. तो नसेल, तर वाक्य देणाऱ्याला विचारावे लागते.