शाळूला ताण सोसवतो, पण कोणता?

बालाघाटाच्या माथ्यावर, आष्टी-पाटोद्याच्या रानात, शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी, हस्ताच्या ओलीवर उगवतो आणि पुढे बहुतेकदा पावसाचे तोंडही पाहत नाही. तरी कणीस भरते. यामागची एक गोष्ट कपाशीत सापडली. १९८१ मध्ये अमेरिकेत लिऑन ड्यूर आणि सहकाऱ्यांनी सरकी पक्व होताना तयार होणारी काही प्रथिने टिपली. बी वाळताना पेशींची आतली घडी मोडू नये, हे त्यांचे काम. त्यांना 'एलईए' म्हणतात. डिहायड्रिन हा त्यांतलाच गट.

या प्रथिनांच्या जनुकांची मोठी भावकी आहे. एका जनुकाच्या प्रती होत गेल्या, काही निकामी झाल्या, उरलेल्यांनी कामे वाटून घेतली. कुणी बियात, कुणी तहानलेल्या पानात, कुणी थंडीत जागे होते. ज्वारीचा जनुकसंच २००९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि ही भावकी तिच्यात नीट शोधता येऊ लागली.

मात्र जनुक असले म्हणजे ते चालू असतेच असे नाही. जमीन सुकू लागली की रोपात ॲब्सिसिक आम्ल वाढते आणि यांतली बरीच जनुके कामाला लागतात. या तयारीला वेळ लागतो. ओल सावकाश कमी झाली तर रोप सावरते. उथळ मुळाच्या रोपावर ताण एकदम आला तर जनुके असूनही भागत नाही. म्हणून बियाण्याच्या पिशवीवरच्या 'दुष्काळ सहनशील' या शब्दांवर मी फार विसंबणार नाही.

ताण एकदम येऊ नये म्हणून पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबरदरम्यान, वाफसा साधून करा. हलक्या रानात फुले अनुराधा, मध्यम जमिनीत मालदांडी ३५-१ किंवा परभणी मोती, गोदाकाठच्या भारी जमिनीत फुले वसुधा. एकरी चार किलो बियाणे पुरते. काणी येऊ नये म्हणून किलोला ४ ग्रॅम गंधक (३०० मेश) चोळा.

कोळपण्या तीन: तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात. शेवटची दातेरी कोळप्याने करा, म्हणजे भेगा बुजतात. आपल्याकडे नेमकी हीच चुकते, कारण तोवर घरातली माणसे ऊसतोडीला गेलेली असतात. जाण्याआधीच भावकीत किंवा शेजाऱ्याकडे कोळप्याची बोली करून ठेवा.

विहिरीत एकाच पाळीपुरते पाणी असेल तर ते पोटरीत, ५० ते ५५ दिवसांनी द्या. दुसरे जमलेच तर फुलोऱ्यात. फुलोऱ्यानंतर जोराचा ताण बसला की खडखड्या येतो, ताटे लोळतात आणि दाण्याबरोबर कडबाही जातो.