शाळेच्या गच्चीवरची वीज

नागपूरचे ऊन कोणाला सांगायला नको. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. या उन्हापासून वीज होते. शाळेच्या गच्चीवर ५ किलोवॅटचे सोलर पॅनेल बसवायला सुमारे ५०० चौरस फूट मोकळी जागा लागते. दिवसाला सरासरी २० युनिट वीज मिळते.

वर्गणी देणारे पालक विचारतात, "मे महिन्यात शाळा बंद. मग ती वीज वाया गेली म्हणायची का?"

विचारणारच! पैसा घामाचा आहे.

वीज वाया जात नाही. उरलेली वीज तारेतून वीज कंपनीकडे जाते. मीटर येणारे युनिट मोजतो, तसे जाणारेही मोजतो. महाराष्ट्रात २०१५ साली तसे नियम झाले. सुट्टीतले युनिट शाळेच्या खात्यावर जमा होतात. पुढच्या बिलांतून ते वजा होतात. कणगीतले धान्य पावसाळ्यात काढावे, तसेच हे. वर्षाचा हिशेब ३१ मार्चला मिटतो.

एक गोष्ट मात्र वर्गणी घेतानाच सांगावी. बॅटरी नसेल, तर बाहेरची वीज गेली की गच्चीवरचीही थांबते. मग ऊन कितीही असो. खांबावर चढलेल्या लाइनमनला झटका बसू नये, म्हणून इन्व्हर्टर आपोआप बंद होतो.

आणि हो, पॅनेलवर धूळ बसली की वीज घटते. सुट्टीत, सकाळी काच तापायच्या आत, पाणी घेऊन गच्चीवर कोण चढणार? ते नावही वर्गणीच्या वहीतच लिहून घ्या.