वाळवंटातली स्टडी टूर आणि बादलीभर पाण्याचा हिशेब

इंजिनीअरिंगला 'स्टडी टूर' नावाचा एक प्रकार असतो. त्यातला 'स्टडी' रिपोर्टच्या कव्हरवर असतो आणि 'टूर' बसच्या मागच्या सीटवर! हा लेख त्या पहिल्या शब्दासाठी आहे. डेस्टिनेशन आहे राजस्थानातली जुनी वाळवंटी शहरं, म्हणजे जोधपूर आणि जैसलमेर. भुसावळहून जायला फार अवघड नाही. सुरत लाइनने सुरत गाठायचं, तिथून जोधपूरची गाडी, आणि जोधपूरहून पुढे जैसलमेर. उन्हाचं म्हणाल तर आपण भुसावळकर आहोत, पंचेचाळीस डिग्रीचं कौतुक आपल्याला कोणी सांगायला नको. तरीही जायचं हिवाळ्यातच.

आधी प्रश्न, मग तिकीट

जोधपूर राव जोधांनी १४५९ साली वसवलं. जैसलमेर त्याहून जुनं, ११५६ सालचं, रावळ जैसलचं. जैसलमेरला वर्षाला जेमतेम १८० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आपल्याकडे साधारण ७०० मिलिमीटर पडतो, तरी एप्रिल उजाडला की टँकर दिसायला लागतात. मग तिथे साडेआठशे वर्षं माणसं राहिली कशी? या एका प्रश्नाचं उत्तर शोधायला जायचं, म्हणजे टूरला सिलॅबस मिळतो.

तिथले लोक पाण्याचे तीन प्रकार मानतात. पावसाचं जमिनीवर वाहणारं ते 'पालर पाणी'. खोल विहिरीतलं ते 'पाताळपाणी', जे बऱ्याच ठिकाणी खारट निघतं. या दोघांच्या मधलं, वाळूत ओल्याव्याच्या रूपात अडकलेलं ते 'रेजाणी पाणी'. काही भागांत वाळूच्या खाली खडियाचा म्हणजे जिप्समचा थर असतो. तो गोड ओलावा खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळू देत नाही. तिथे अगदी अरुंद विहीर खोदतात, तिला 'कुईं' म्हणतात. कणाकणांत अडकलेला ओलावा थेंब थेंब झिरपतो आणि दिवसभरात दोन-तीन घडे पाणी जमतं. आपण केशाकर्षण म्हणजेच कॅपिलरी ॲक्शन फर्स्ट इयरच्या लॅबमध्ये काचेच्या नळीत बघितलं आणि जर्नल सबमिट करून मोकळे झालो. त्यांनी त्यावर गावं जगवली.

पालर पाण्यासाठी घराघरात 'टांकं', म्हणजे जमिनीखालची बंद टाकी. शेतीसाठी 'खडीन'. उताराच्या खालच्या बाजूला लांब मातीचा बांध घालायचा, पावसाचं पाणी तिथे साचू द्यायचं, माती पोटभर पाणी प्यायली की त्याच ओलीवर रब्बीचा गहू-हरभरा घ्यायचा. पालीवाल समाजाने ही पद्धत नावारूपाला आणली. जैसलमेरजवळचं ओसाड पडलेलं कुलधरा गाव त्यांचंच. लोक तिथे भुताच्या गोष्टी ऐकायला जातात. आपण मात्र आजूबाजूच्या जमिनीचा उतार बघायला जावं.

किल्ला कशाने खचतोय?

आता या अभ्यासातला सर्वात गंभीर भाग. जैसलमेरचा किल्ला रिकामा नाही, त्यात आजही हजारो माणसं राहतात. २०१३ मध्ये तो युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. पण त्याआधीच, १९९६ मध्ये, वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने त्याला धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत टाकलं होतं. कारण काय? वाळवंटातल्या किल्ल्याला धोका चक्क पाण्याचा!

किल्ला त्रिकूट टेकडीवर आहे. ही टेकडी मऊ गाळाच्या खडकाची, मध्ये मध्ये चिकणमातीचे थर. कोरडी असताना ती भार नीट पेलते. सॉइल मेकॅनिक्स आठवा. मातीच्या पोकळ्यांत पाणी शिरलं की पोअर प्रेशर वाढतं, कणांवरचा परिणामी दाब कमी होतो आणि घर्षणाची ताकद घटते. चिकणमाती फुगते, वरचा दगड सरकतो. जुन्या काळी माणसं पाणी डोक्यावरून वर आणायची, म्हणून ते जपून वापरलं जायचं आणि गटारंही तेवढ्याच पाण्यासाठी होती. मग नळ आले, नळापाठोपाठ हॉटेलं आली, शॉवर आणि फ्लश आले. जास्तीचं पाणी टेकडीच्या पोटात मुरू लागलं. नव्वदच्या दशकात काही बुरूज ढासळले. ऑगस्ट २०२४ मध्ये जोरदार पावसानंतर भिंतीचा एक भाग कोसळला. तिथे राहणाऱ्या कुटुंबांच्या दृष्टीने हा वारशाचा विषय नंतर, डोक्यावरच्या छपराचा आधी.

म्हणून टूरचा पहिला नियम: किल्ल्यात मुक्काम करायचा नाही. बघायला दिवसभर जा, झोपायला आणि अंघोळीला खाली शहरात या.

हिशेब करून बघू

आपल्या देशात गटारव्यवस्था असलेल्या शहरांसाठी माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात. ४० जणांची बॅच, तीन दिवस: ४० × १३५ × ३ = १६,२०० लिटर. आता जैसलमेरमधल्या १०० चौरस मीटरच्या छताचा हिशेब. १८० मिलिमीटर पाऊस, त्यातला ८० टक्के गोळा झाला असं धरलं, तर वर्षाला १४,४०० लिटर. म्हणजे आपली एक बॅच तीन दिवसांत एका घराच्या छतावरचा वर्षभराचा पाऊस संपवून वर उधारी ठेवते!

हेच १२ जण गेले आणि बादलीने अंघोळ करून माणशी ५० लिटरमध्ये भागवलं, तर १२ × ५० × ३ = १,८०० लिटर. नऊपट फरक. आज पश्चिम राजस्थानात इंदिरा गांधी कालव्याने पंजाबातल्या हरिकेहून पाणी येतं हे खरं, पण शेकडो किलोमीटर आणलेलं पाणी फुकटचं नसतं.

छोटा ग्रुप का?

पाणी हे एक कारण. दुसरं, किल्ल्यातल्या गल्ल्या अरुंद आहेत, त्यात लोकांची घरं आहेत. चाळीस जण घुसले की तिथल्या आजीबाईंना ओट्यावर बसायला जागा उरत नाही. तिसरं, गाइडचं बोलणं मागच्या वीस जणांना ऐकूच जात नाही. दहा-बारा जणांत प्रत्येकाला एक काम देता येतं. एकाने टांक्याचं माप घ्यायचं, एकीने खडीनचा क्रॉस सेक्शन काढायचा, एकाने गडीसर तलावाचं पाणी कुठून येतं ते चालत जाऊन बघायचं.

बाकी नियम साधे आहेत. गाइड तिथलाच घ्या आणि त्याचे पैसे घासाघीस न करता द्या. कोणाच्या घराचा, बायाबापड्यांचा फोटो विचारल्याशिवाय काढू नका. रिकाम्या बाटल्या वाळूत टाकू नका. आणि जेवायला केर-सांगरी, बाजरीची भाकरी खा. कळण्याची भाकरी खाणाऱ्यांना ती परकी वाटायची नाही.

रंगीत तालीम घराजवळच

राजस्थानचं बजेट नसेल तर? खांडव्याच्या गाडीत बसा आणि बऱ्हाणपूरला उतरा. एकेकाळची ही खानदेशची राजधानी. तिथला कुंडी भंडारा १६१५ च्या सुमाराचा, अब्दुर्रहीम खानखानांच्या काळातला. सातपुड्याच्या पायथ्याचं झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून, शंभराहून अधिक कुंड्या जोडत, फक्त उताराच्या जोरावर शहरापर्यंत आणलेलं. पंप नाही, वीज नाही. हे तंत्र इराणच्या कोरड्या प्रदेशातलं, म्हणजे वाळवंटाचं शहाणपण आपल्या दारात चारशे वर्षांपासून आहे. आणि धुळे जिल्ह्यात पांझरेवरची फड पद्धत आहेच. बंधारा, पाट, आणि कोणाच्या शेताला कधी पाणी ते ठरवणारे गावकरी.

यावल-रावेरच्या केळीच्या पट्ट्यात बोअर दरवर्षी अजून खोल जातायत, हे आपल्यापैकी शेतकऱ्यांच्या मुलांना सांगायला नको. आपल्याकडे जैसलमेरच्या जवळजवळ चौपट पाऊस पडतो. १०० चौरस मीटरच्या छतावर, वरच्याच हिशेबाने, वर्षाला ५६,००० लिटर. तेव्हा टूरच्या रिपोर्टमध्ये शेवटचं चॅप्टर 'कन्क्लुजन' नसावं. टेप घेऊन आपल्या होस्टेलच्या गच्चीचं माप घ्यावं, तिथलं पाणी आज कोणत्या पाइपने कुठे जातं ते शोधावं, आणि ते आकडे लिहून कॉलेजला द्यावेत. पावसाळ्याच्या आधी दिले तर उत्तम.