सहीआधी हात बघ

अगं, तुझा मेसेज वाचला. कंपनीत ट्रेनिंगचं काम तुझ्या गळ्यात पडलंय, आणि ‘हा माणूस फोर्कलिफ्ट चालवायला तयार आहे’ या कागदावर आता तुझी सही लागणार. आधी दोन घास नीट खा, मग हे वाच. भीती वाटतेय ना? वाटू दे. पण ती डोक्यात घोळवत बसू नकोस, चेकलिस्टमध्ये उतरव.

पहिलं काम म्हणजे गाडी समजून घे. रिकाम्या यार्डात एखाद्या जाणत्या ऑपरेटरला शेजारी उभं करून सगळं विचार. बघ, फोर्कलिफ्टची मागची चाकं वळतात. त्यामुळे वळताना तिचं बूड झपकन बाहेर फिरतं आणि शेजारून चालणारा माणूस त्यात सापडतो. दिसायला ती चार चाकांची, पण तिचा तोल तीन ठिकाणी असतो: पुढची दोन चाकं आणि मागच्या अ‍ॅक्सलचा मधला पिव्हट. घरातल्या तिपाईसारखंच समज. वजन त्या त्रिकोणाबाहेर सरकलं की गाडी कलंडली. म्हणून माल नेताना फोर्क्स जमिनीपासून 15 ते 20 सेंटीमीटरच वर आणि मास्ट मागे झुकवलेला. गाडीवरच्या प्लेटवर दोन टन लिहिलेत म्हणजे कसलाही दोन टनांचा माल उचलता येतो असं नाही गं. लांबट पेटीचा मध्य पुढे जातो आणि गाडीची ताकद कमी होते. ती प्लेट प्रत्येकाकडून वाचून घे.

आता शिकवायचं कसं? यासाठी नवा शोध लावायची गरज नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या कारखान्यांत एकदम नवी माणसं आली, त्यात कारखान्याचं तोंडही न पाहिलेल्या कितीतरी बायका होत्या. त्यांना शिकवणाऱ्या सुपरवायझरांसाठी चार पायऱ्या ठरल्या: माणसाला मोकळं कर आणि त्याला काय येतं ते विचार, काम करून दाखव, त्याच्याकडून करून घे, आणि नंतर पुन्हा जाऊन बघ. खरं सांगू का, आपल्याकडे दुसरी पायरी झाली की हजेरीवर सह्या घेऊन सगळे चहाला जातात. माणूस शिकतो तो तिसरीत. तेव्हा त्याच्या हातात लिव्हर असतो आणि तू विचारतेस, ‘हे असं का केलंस?’

एक गोष्ट तर हमखास करून घ्यायची. बसून चालवायची गाडी कलंडायला लागली की माणूस उडी मारायला बघतो, आणि डोक्यावरची जाळी त्याच्याच अंगावर येते. पट्टा लावलेला, स्टिअरिंग घट्ट धरलेलं, पाय रोवलेले, अंग पडणाऱ्या बाजूच्या विरुद्ध झुकलेलं, असं बसायचं. हे पोस्टरवरून डोक्यात शिरत नाही. गाडी बंद ठेवून प्रत्येकाला सीटवर बसव आणि करायला लाव.

परीक्षेचं म्हणशील तर कागदावरच्या पंचवीस प्रश्नांवर विसंबू नकोस. तुझ्याकडे बीडचा मुलगा आहे, बिहारचा आहे, ओडिशाचाही असेल. इंग्रजी प्रश्नपत्रिका त्याचं इंग्रजी तपासते, गाडी नाही. तोंडी विचार, त्याला कळेल त्या भाषेत विचार. मग आधी यार्डात कोन लावून बघ, आणि नंतर खऱ्या डॉकवर, खऱ्या पॅलेटसह, माणसांची ये-जा चालू असताना बघ. चेकलिस्टचे दोन भाग कर. पट्टा न लावणं, आंधळ्या वळणावर हॉर्न न देणं, उचललेल्या फोर्क्सखाली माणूस असताना न थांबणं, फोर्क्स वर ठेवूनच गाडी सोडून जाणं, यातलं एक जरी दिसलं तरी त्या दिवशी परीक्षा थांबली. गाडी थोडी हळू चालवली, पॅलेट दुसऱ्या प्रयत्नात बसलं, हे सरावाने सुटतं.

आणि ते जुने काका! वीस वर्षं गाडी चालवतायत, तुझ्या वडिलांच्या वयाचे, त्यांची परीक्षा कशी घ्यायची म्हणून तुझा जीव अर्धा झालाय. त्यांना बाकावर बसवून गाडीचे भाग शिकवू नकोस, राग येईल आणि तो रास्तच असेल. त्यांना म्हण, ‘काका, भरलेली गाडी उतारावरून खाली कशी आणता, जरा दाखवता का?’ माल चढाच्या बाजूला ठेवून, म्हणजे रिव्हर्समध्ये उतरले तर बरोबर. मग कारण विचार. छान सांगितलं तर त्यांनाच नव्या पोरांना शिकवायला घे. सरळ तोंडाने उतरले, तर एकटं गाठून, शांतपणे, मान ठेवून सांग. आजवर निभावलं म्हणून ते बरोबर ठरत नाही, आणि हे त्यांना सांगायला तूच हवीस.

कंत्राटदाराच्या पोरांना वगळलंस तर बघ! कारखाने अधिनियमात 1987 च्या दुरुस्तीने सुरक्षेचं प्रशिक्षण मिळणं हा कामगाराचा हक्क म्हणून आला, आणि 2025 मध्ये नवी संहिता येईपर्यंत लागू असलेल्या त्या कायद्याच्या व्याख्येत कंत्राटी कामगारही कामगारच होता. गाडी काही कुणाचं ओळखपत्र बघून कलंडत नाही.

डिस्पॅच अडलाय, सही कर, असा फोन येईलच. तेव्हा आवाज चढवू नकोस, मतही मांडू नकोस. जे पाहिलंस ते वाचून दाखव: ‘दोन वळणांवर हॉर्न दिला नाही.’ आणि त्या मुलाला ‘नापास’ म्हणू नकोस, ‘अजून नाही’ म्हण, काय सुधारायचं ते सांग आणि पुढची तारीख लगेच दे. त्याच्या पगाराचा प्रश्न असतो गं, त्याला लटकत ठेवू नये.

सही केलीस तरी कागद फाइलला लावून विसरू नकोस. कोणत्या प्रकारची गाडी ते त्यावर लिही, कारण साध्या फोर्कलिफ्टवर तयार झालेला माणूस रीच ट्रकवर आपोआप तयार होत नाही. अमेरिकेत निदान दर 3 वर्षांनी ऑपरेटरला पुन्हा तपासायचा नियम आहे, आणि अपघात झाला किंवा होता होता टळला तर पुन्हा शिकवायचाही. तूही तेवढं धर.

सोमवारी सगळ्यांना एकदम हात घालू नकोस. एकच माणूस, एकच गाडी, हातात चेकलिस्ट. तेवढं नीट जमव. तुला जमणार आहे, आणि संध्याकाळी मला फोन कर.