जुन्या घरातील वीज : सुरक्षितता आणि सुधारणा

लष्करातील दालबाजार, नया बाजार, दौलतगंज या वस्त्यांतून आपल्या समाजाची पुष्कळ घरे जुन्या धाटणीची आहेत. खाली दुकान किंवा कोठार, वर बिऱ्हाड, मध्ये चौक आणि एकच अरुंद जिना, अशी त्यांची रचना. दगडी भिंत शंभर वर्षे सहज उभी राहते. परंतु तिच्यावरून गेलेल्या विजेच्या तारेचे आयुष्य तितके नसते. भिंतीला आपण दर दिवाळीस रंग देतो, तारेकडे मात्र ती जळेपर्यंत कोणी पाहत नाही. म्हणून या विषयाची थोडी माहिती सभासद बंधुभगिनींपुढे ठेवीत आहे.

१. भार किती वाढला?

जुन्या घरांत लाकडी पट्टीवर रबरी वेष्टनाच्या तारा ठोकलेल्या असत. ही जोडणी दिवे आणि पंखे एवढ्यापुरतीच होती. हिशेब सोपा आहे. उपकरणाचे वॅट भागिले २३० व्होल्ट म्हणजे प्रवाहाचे अँपिअर. साठ वॅटचे चार दिवे व पंचाहत्तर वॅटचे दोन पंखे मिळून ३९० वॅट होतात. त्यांस सुमारे १.७ अँपिअर पुरतात. आता त्याच तारेवर २,००० वॅटचा गीझर लावला, तर एकट्या त्यालाच ८.७ अँपिअर लागतात, म्हणजे प्रवाह पाचपट झाला. परंतु तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. तेव्हा ती पाचपट नव्हे, पंचवीसपट झाली! या उष्णतेने रबर वाळते, तडकते आणि गळून पडते. तारेचे सांधे सैल असतील, तर तेथे उष्णता आणखी साठते. अ‍ॅल्युमिनियमच्या तारांत हा दोष अधिक, कारण त्यांवर चढणारा गंज विजेला अडवतो. बटण गरम लागणे, जळक्या रबराचा वास येणे, गीझर लावताच दिवा मंद होणे, ही सारी पूर्वसूचना समजावी.

२. फ्यूज कोणाचे रक्षण करतो?

फ्यूज असला की आपण सुरक्षित, ही समजूत सार्वत्रिक आहे. फ्यूज तारेचे रक्षण करतो, माणसाचे नव्हे. सुमारे १० मिलिअँपिअर प्रवाहाने हाताचे स्नायू आवळतात व धरलेली वस्तू सुटत नाही. ५० मिलिअँपिअर प्रवाह हृदयाची लय बिघडवू शकतो. उलट पाच अँपिअरचा फ्यूज ५,००० मिलिअँपिअरपर्यंत स्वस्थ बसून राहतो. त्यातही, वरचेवर जळतो म्हणून त्यात जाड तार घालण्याची चाल घरोघरी आहे. तसे केले, की फ्यूज तारेचेही रक्षण करीनासा होतो. फ्यूजच्या जागी आपोआप पडणारे एमसीबी बसवणे उत्तम. मात्र त्याचे अँपिअर तारेच्या जाडीस अनुरूप हवेत, उपकरणाच्या भुकेस नव्हे.

३. कूलर आणि भूजोडणी

आपल्या ग्वाल्हेरीत उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, आणि घरोघरी पत्र्याचा कूलर लागतो. पाणी, लोखंडी पत्रा, पंपाची भिजलेली तार आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभे असलेले माणूस, असा हा घातक योग. थंडीत तेच काम बादलीतला पाणी तापविण्याचा रॉड करतो. कूलरमध्ये पाणी भरण्यापूर्वी आणि बादलीत हात घालण्यापूर्वी नुसते बटण बंद करून भागत नाही, पिन उपसून ठेवावी. मुलांना हा नियम पाढ्यांसारखा पाठ करवावा.

पत्र्यात वीज उतरली, तर तिला जमिनीत जाण्यास सोपी वाट हवी. हीच भूजोडणी, जिला मिस्त्री अर्थिंग म्हणतात. जुन्या घरांत ती मुळीच नसते किंवा नळाला बांधलेली असते. पूर्वी नळाची लोखंडी वाहिनी जमिनीत जात असे. आज मध्येच प्लॅस्टिकची नळी आली, आणि ती वाट बंद झाली. आता अशा तारेने वीज जमिनीत न जाता घरभरच्या लोखंडी नळांत पसरते! काही मिस्त्री पिनेच्या डबीतच अर्थिंग व न्यूट्रल एकत्र जोडतात. हे तर फारच घातक. कारण न्यूट्रल तार कोठे तुटली, की कूलरचा सारा पत्रा जिवंत होतो. घरासाठी जमिनीत स्वतंत्र नळी किंवा पत्रा पुरून घ्यावा, आणि आपल्याकडील कोरड्या उन्हाळ्यात त्या खड्ड्यात अधूनमधून पाणी घालावे.

४. जमाखर्चाचा पहारेकरी

बाजारातील मंडळींना आरसीसीबी हे यंत्र चटकन समजेल. ते मुनिमासारखे आहे. जितका प्रवाह गेला तितकाच परत आला पाहिजे. ३० मिलिअँपिअरची तूट दिसली, की सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत ते वीज तोडते. कारण ती तूट बहुधा कोणाच्या तरी अंगातून किंवा ओल्या भिंतीतून जमिनीत जात असते. ते वारंवार पडू लागले म्हणून काढून टाकणे, म्हणजे तूट दाखवणाऱ्या मुनिमाला कामावरून कमी करणे होय. दोष शोधावा. त्यावरील चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. मात्र दोन्ही तारा एकाच वेळी धरणाऱ्यास हे यंत्र वाचवू शकत नाही, हेही ध्यानी असावे.

५. सुधारणेचा क्रम

सर्व तारा एकदम बदलणे सर्वांस परवडत नाही. त्यात वाडा भाऊबंदांत विभागलेला असला, की खर्च कोणी करावा या वादात वर्षे जातात. वीज मात्र वाटणीपत्र पाहत नाही. एका बिऱ्हाडाची ठिणगी साऱ्या वाड्याची होते. म्हणून सर्वांनी मिळून पुढील क्रम धरावा. प्रथम भूजोडणी आणि आरसीसीबी. मग गीझर व वातानुकूलन यंत्र यांस प्रत्येकी ४ चौरस मिलिमीटर तांब्याची स्वतंत्र तार. त्यानंतर जुन्या तारा एकेका खोलीतून काढाव्यात, दिव्यांस १.५ आणि इतर जोडण्यांस २.५ चौरस मिलिमीटरची तार घ्यावी. काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करवावे आणि शेवटी मेगर यंत्राने तारांची परीक्षा मागावी. किमान एक मेगओहम रोध यावयास हवा. भार वाढला असेल, तर वितरण कंपनीकडून मंजूर भारही वाढवून घ्यावा.

६. आग आणि आघात

१८ मे २०२० रोजी आपल्याच शहरात इंदरगंज भागात, खाली रंगाचे दुकान व वर राहते घर असलेल्या इमारतीस आग लागून सात जणांचे प्राण गेले. बाजारातील घरांस यातून घेण्याचा धडा हा, की मीटरच्या पेटीजवळ गोणपाट, तेल वा रंग ठेवू नये, आणि जिना कधीही मालाने अडवू नये. विजेने आग लागल्यास आधी मुख्य बटण बंद करावे. चालू विजेवर पाणी ओतू नये. कोणी तारेस चिकटल्यास त्यास हात न लावता वीज तोडावी. ते शक्य नसेल, तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडाने त्यास दूर सारावे. श्वास थांबला असेल, तर छाती दाबून कृत्रिम श्वसन सुरू करावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. वीज कंपनीचा तक्रार क्रमांक १९१२ आहे.

महोत्सवाच्या या वर्षी प्रत्येक सभासदाने एवढे करावे : येत्या रविवारी घरातील मुख्य पेटी उघडून घ्यावी, फ्यूजमध्ये कोणती तार आहे आणि घरास भूजोडणी आहे की नाही, हे जाणत्याकडून पाहून घ्यावे. गणपतीच्या आरासीसाठी माळा टांगण्यापूर्वी हे काम व्हावे. वडिलांनी राखलेले घर पुढच्या पिढीच्या हाती सुखरूप देणे, हेही आपले कर्तव्यच आहे.