एचव्ही पॅक घेण्याआधी

तुझ्या रिमोटच्या गाडीसाठी एचव्ही, म्हणजे हाय व्होल्टेज लायपो बॅटरीचा पॅक घेऊ का, असं विचारलंस. घे, पण वेगासाठी घेऊ नकोस. आणि घेतलास तर रोज काठोकाठ भरू नकोस. का ते नीट ऐकून घे.

साध्या लायपोचा, म्हणजे लिथियम पॉलिमर बॅटरीचा, एक सेल 4.20 व्होल्टला पूर्ण भरतो, एचव्हीचा 4.35 ला. दोन सेलांच्या साध्या पॅकवर 7.4 छापलेलं असतं, एचव्हीवर 7.6. दुकानात ओळखायची हीच खूण. म्हणजे टू एस पॅक पूर्ण भरला की साधा 8.4 दाखवतो आणि एचव्ही 8.7. फरक 0.3 व्होल्टचा. तुझ्या गाडीतली मोटर 3500 केव्हीची, म्हणजे ओझं नसताना दर व्होल्टमागे मिनिटाला 3500 फेरे. करून बघ गणित: साध्यावर 29,400 आणि एचव्हीवर 30,450. साडेतीन टक्के वाढले. आता पुढ्यातला पिनियन, म्हणजे मोटरच्या दांड्यावरचं छोटं दातेरी चाक, बघ. 13 दातांचा काढून 14 दातांचा घातलास तर वेग जवळपास आठ टक्के वाढतो, आणि त्याची किंमत पॅकच्या किमतीपुढे काहीच नाही. एलन की घ्यायची, स्क्रू सैल करायचा, दोन दातेरी चाकांमधे वहीच्या कागदाची पट्टी धरून मोटर दाबायची, स्क्रू आवळायचा आणि पट्टी फिरवून बाहेर काढायची. पट्टीवर दातांची नक्षी उठली पण कागद फाटला नाही, तर अंतर बरोबर बसलं. मग पाच मिनिटं पळवून मोटरचं तापमान बघ. 80 अंशांच्या खाली राहिली तर ठीक, नाहीतर मुकाट्याने 13 दातांवर परत ये.

बरं, तो 0.3 व्होल्ट तरी टिकतो का? नाही. 4.35 पासून 4.20 पर्यंतच्या टप्प्यात पॅकमधला साधारण दहावा हिस्सा असतो. पंधरा मिनिटं चालणाऱ्या गाडीत तो दीड-दोन मिनिटांत खर्च होतो. त्यानंतर मोटरला मिळणारा व्होल्टेज साध्या लायपोसारखाच. पहिल्या वळणांवर गाडी उसळते म्हणून मुलं खूश होतात, पण पाचव्या मिनिटाला गाडीत कुठला पॅक आहे ते कुणी ओळखून दाखवावं.

वेगासाठी खरं बघायचं असतं ते पॅकचं आतलं रेझिस्टन्स. त्याच्याकडे कुणी बघत नाही, कारण ते वेष्टनावर छापलेलं नसतं. छापलेलं असतं ते सी रेटिंग, म्हणजे पॅक किती करंट देऊ शकतो त्याचा आकडा, आणि 100 सी, 120 सी हे आकडे छापायला कुणाची आडकाठी नसते. त्यावर विश्वास ठेवू नकोस. चांगला बॅलन्स चार्जर प्रत्येक सेलचं रेझिस्टन्स मिलिओहममध्ये दाखवतो. समज, एका पॅकच्या सेलला 5 मिलिओहम आहे, म्हणजे दोन सेलांचे मिळून 10. तू ट्रिगर दाबलास आणि मोटरने 50 अँपिअर ओढले की पॅकमध्येच अर्धा व्होल्ट गळतो. दुसऱ्या पॅकचे सेल 2 मिलिओहमचे असतील तर गळती 0.2 व्होल्टची. दोघांत फरक 0.3 व्होल्टचा, म्हणजे एचव्हीच्या नावाखाली तुला जेवढा विकत होते तेवढाच. शिवाय हा फरक दोन मिनिटांनी संपत नाही, पॅक उतरेपर्यंत राहतो. म्हणून घसघशीत सी छापलेल्या स्वस्त एचव्हीपेक्षा कमी रेझिस्टन्सचा साधा लायपो कधीही वरचढ. मोजताना पॅक खोलीच्या तापमानाला असू दे. थंड पॅकचं रेझिस्टन्स जास्त दिसतं, गरम पॅकचं कमी, आणि मग तुलना चुकते. आणि कनेक्टरचं सोल्डरिंगही तपास. सांधा निस्तेज, दाणेदार दिसत असेल तर तिथेही व्होल्ट गळतात. गाडी थांबवल्याबरोबर कनेक्टरला बोट लावायचं. चटका बसला तर आधी तो बदल, पॅकचं नंतर बघू.

मग एचव्ही कुणासाठी? ज्याला वजन आणि जागा दोन्ही मोजूनमापून मिळतात त्याच्यासाठी. घरात उडवायचे तळहाताएवढे ड्रोन बघितलेस ना, एका सेलवर चालणारे? त्यांचा पॅक 300 मिलिअँपिअर-अवरचा, उड्डाण तीन-चार मिनिटांचं. तिथे सुरुवातीची जास्तीची धाव आणि तेवढ्याच वजनात दहा टक्के जास्त ऊर्जा यांना मोल आहे. तिथे एचव्हीच वापरायचा, आणि पूर्ण 4.35 पर्यंत भरूनच. डीजेआयच्या मॅव्हिक प्रो ड्रोनचा पॅकही याच जातीचा होता, तीन सेलांचा, 11.4 व्होल्टचा, पूर्ण भरल्यावर 13.05 दाखवणारा. ड्रोनला हवेत एकेक ग्रॅम उचलून धरावा लागतो, म्हणून हा हिशेब त्याला परवडतो. तुझी दोन-अडीच किलोची गाडी चाकांवर चालते. तिच्या बॅटरीच्या खोबणीत जागा असेल तर साधाच पण मोठा पॅक बसव.

तरीही गाडीसाठी एचव्ही घेण्याचं एक चांगलं कारण आहे, आणि शर्यतीतली जाणती मंडळी त्याच कारणासाठी घेतात. अनेक ठिकाणी टू एस गाडीला सुरुवातीच्या रेषेवर 8.40 पेक्षा जास्त व्होल्टेज चालत नाही, मीटर लावून तपासतात. असं असूनही तिथे 7.6 लिहिलेले पॅक दिसतात. ते 8.40 पर्यंतच भरलेले असतात. चांगल्या कंपन्यांचे कमी रेझिस्टन्सचे नवे सेल बरेचदा एचव्ही प्रकारातच येतात, म्हणून तो पॅक. 4.20 ला थांबवलेला एचव्ही सेल आपल्या कमाल मर्यादेच्या खालीच राहतो, त्यावर ताण कमी पडतो आणि तो जास्त दिवस टिकतो. सेलमधला व्होल्टेज जितका वर नेशील तितका धन बाजूला इलेक्ट्रोलाइट लवकर खराब होतो, वायू तयार होतो आणि पॅक फुगतो. 4.20 ला थांबवल्याने छापलेल्या क्षमतेतले दहा-बारा टक्के मिळत नाहीत. 5000 मिलिअँपिअर-अवरचा पॅक 4400-4500 चा समजून चाल. मला हा सौदा पटतो. साधा आणि एचव्ही एकाच किमतीला मिळत असतील तर एचव्ही घे आणि चार्जरवर लायपो मोड लाव. जास्त पैसे मोजून घेऊ नकोस.

आता धोक्याचं. एचव्हीला साध्या मोडवर चार्ज केलंस तर थोडा रिकामा राहतो, बाकी काही होत नाही. साधा लायपो एचव्ही मोडवर लावलास तर त्यातला प्रत्येक सेल 4.35 पर्यंत रेटला जातो, आणि तिथून फुगणं, गरम होणं, पेट घेणं सगळंच शक्य आहे. चार्जर पॅककडे बघून ओळखत नाही, तू दिलेला मोड पाळतो. आणि तो शेवटचा मोड लक्षात ठेवतो, हेही विसरू नकोस. एका पेटीत दोन्ही जाती असतील तर एचव्ही पॅकवर लाल टेप गुंडाळ, बॅलन्स वायरजवळच, कारण चार्जरला जोडताना नजर तिथेच जाते. घरात धाकटी भावंडं तुझा चार्जर वापरत असतील तर सरळ एकच जात ठेव. मी तर तुला तेच सुचवेन.

ईएससीची, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणाऱ्या नियंत्रकाची, माहितीपुस्तिकाही उघड. बरेच ईएससी चालू होताना व्होल्टेज बघून सेल किती ते ठरवतात. तीन आणि चार सेलांमधली रेघ 13 व्होल्टवर असेल तर तुझा 13.05 चा पूर्ण भरलेला थ्री एस एचव्ही त्याला चार सेलांचा वाटेल. मग तो सेलमागे 3.2 च्या हिशेबाने 12.8 ला कटऑफ लावेल, आणि ताजा पॅक घालूनही गाडी मैदानाच्या मधोमध थांबेल. अशा वेळी सेलची संख्या हाताने ठरवून दे.

आपल्याकडचा उन्हाळा पॅकांचा वैरी. नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो. त्या उन्हात बंद मोटारीत ठेवलेला पूर्ण भरलेला पॅक काही तासांत म्हातारा होतो, आणि एचव्ही 4.35 वर असेल तर आणखी लवकर. म्हणून आदल्या रात्री भरून ठेवायचं नाही. मैदानावर जायच्या आधी भर. जाणं रद्द झालं तर त्याच दिवशी स्टोरेज मोडवर 3.85 च्या आसपास आणून ठेव. खेळून आल्यावर पॅक गार होऊ दे, मगच चार्जरला लाव. 5000 च्या पॅकला 5 अँपिअर पुरे. फरशीवर ठेवून, पडदा-गादीपासून लांब, आणि तू जागा असताना. रात्री लावून झोपायचं नाही, हे मी तुझ्या आईलाही सांगून ठेवणार आहे.

फुगलेला पॅक टाचणीने टोचून हवा काढायची नाही. तो परत वापरायचाही नाही, मग रेझिस्टन्स कितीही कमी दाखवो. मोटारीच्या दिव्याचा 12 व्होल्टचा बल्ब लावून अंगणात पूर्ण उतरू दे, टोकांना वेगवेगळी चिकटपट्टी लाव आणि ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर नेऊन दे. घंटागाडीत टाकू नकोस. तिथे कचरा दाबतात, आणि दाबलेला लिथियम सेल पेटला तर गाडीवरच्या माणसांचे हात भाजतात.